मोहाखालचा उजेड

माझ्या थोरल्या बहिणीवर चौकशी बसली तेव्हा तिच्याविरुद्धच्या फायलीत जो कागद होता, त्यावर सही माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी कीव करायचा मोह व्हायला नको. आता माझं बरं चाललं आहे. भाषणांना बोलावतात. माईकवरची मुलगी हमखास म्हणते, "मूलसारख्या छोट्या गावातून मॅडम स्वतःच्या बळावर इथवर आल्या." मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा मूलच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते, मी सातवीत असताना ते गेले. ताईला बारावीला चांगले मार्क होते, पण दोघींपैकी एकीलाच पुढं शिकता येईल एवढीच घराची ऐपत होती. तिनं नर्सचा कोर्स केला आणि नोकरीला लागली. मी नागपूरला जाऊन भूगोलात एम.ए. केलं. त्याग हा शब्द आमच्या घरी कुणी उच्चारला नाही. जयंतीला वस्तीत भाषणं व्हायची तेव्हा त्यात तो यायचा, घरात नाही. ताई फक्त अधूनमधून म्हणायची, "मी शिकली असती तं तुह्यापेक्षा पुढं गेली असती." ते खरं होतं, म्हणून मला फार झोंबायचं.

तिची नेमणूक वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत बाळंतपणाची खाट, दुसरीत ताई. गावात विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. मी शाळेत असताना कधीतरी ते रोवले गेले, कुणीतरी त्यांच्यावर नंबर रंगवले आणि गाव कागदोपत्री 'विद्युतीकरण झालेले' झालं. त्या खांबांना लोक बैल बांधायचे. ताई बाळंतपणं कंदिलावर करायची आणि टाके घालायची वेळ आली की टॉर्च दातात धरायची, कारण दोन्ही हात लागतात. आठ वर्षं ती तारांसाठी अर्ज करत होती आणि आठ वर्षं तिला एकच उत्तर येत होतं, की तुमच्या गावात वीज आहे. नाही म्हणून सिद्ध करा, असं एका कारकुनानं तिला तोंडावर सांगितलं होतं. अंधार सिद्ध कसा करायचा, हे मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतर मला नागपूरच्या एका संस्थेत संशोधन सहायकाची कच्ची नोकरी लागली. तिथले सर पुण्याचे. मऊ बोलणारे, कुणावर आवाज न चढवणारे, मला अहोजाहो करणारे. त्यांचा विषय होता विदर्भातल्या उत्पन्नाची दरी, आणि ती ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचे. कल्पना सोपी होती. रात्री उपग्रह वरून जातो आणि जमिनीवरचा उजेड टिपतो. जिथं उजेड जास्त तिथं कमाई जास्त, जिथं काळोख तिथं गरिबी. लोक उत्पन्न विचारलं की खोटं सांगतात, सर म्हणायचे, उजेड खोटं बोलत नाही. हे वाक्य ते इतक्या प्रेमानं म्हणायचे की मलाही पाठ झालं होतं.

चित्रात नदीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे आमचे दोन जिल्हे काळ्या कापडावर पीठ सांडावं तसे दिसायचे. पश्चिमेला सगळं पांढरंफटक. माजरीच्या कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, वीज केंद्र. माझा एक मामा माजरीला राहायचा. त्याच्या घरातल्या पाण्यावरही काळी साय धरायची आणि तो उभा राहिला तरी खोकायचा. चित्रात तो श्रीमंत होता. मूल आणि शेजारचं सावली गाव यांच्या जागी दोन मळकट ठिपके. नदी ओलांडली की काळं, थेट सीमेपर्यंत.

सरांनी चित्रं निवडली होती मार्चअखेरची आणि एप्रिलची, कारण तेव्हा आमच्याकडे आभाळ स्वच्छ असतं, ढगांची अडचण येत नाही. जुन्या वर्षांची चित्रं आणि अलीकडची चित्रं त्यांनी शेजारी ठेवली आणि त्यांना आनंद झाला. अलीकडच्या चित्रांत नदीपलीकडच्या काळ्यात बारीक बारीक ठिपके उमटले होते. एक नाही, चांगले पन्नास-साठ. "दरी बुजतेय," सर म्हणाले. "जंगलात विकास पोचतोय, आणि कुणाला पत्ताच नाही!" त्यांनी सगळ्यांना पेढे दिले.

मी पेढा तोंडात धरून चित्राकडे पाहिलं आणि त्याच क्षणी मला कळलं. आमच्या बाजूच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ते ठिपके रस्त्यांच्या कडेनं नव्हते, गावांच्या जागीही धड नव्हते. गावाच्या बाजूला, जंगलाच्या आत होते. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. झाडाखाली पानांचा खच असतो, त्यात फुलं दिसत नाहीत. म्हणून माणसं झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात. जमीन साफ होते, आणि पहाटे त्या काळ्या जमिनीवर पिवळी फुलं पडली की बायका टोपल्या घेऊन वेचायला बसतात. लावलेली आग कधी झाडापुरती राहते, कधी रात्रभर डोंगर चढत जाते. सरांनी आभाळ स्वच्छ म्हणून नेमके तेच दिवस निवडले होते. पुण्यात मोह नाही, त्याला ते तरी काय करणार.

मी सरांना सांगितलं. अगदीच सांगितलं नाही असं नाही. पण कसं सांगितलं, तर पेढ्याचा हात पुसत, "सर, त्यातले काही वणवे पण असतील ना," असं. सर हसले. "तो नॉइज, म्हणजे नको असलेला उजेड, मशीननं गाळलेला आहे. पण तुम्ही तिथल्याच आहात. प्रत्यक्ष जाऊन पाहून या. जमिनीवरचं सत्य तुम्हीच आणणार." मग चहा घेता घेता सहज म्हणाले की संस्थेत एक पक्की जागा निघतेय, अहवाल वेळेत गेला तर तुमचं नाव पुढं करता येईल. एवढंच. त्यांनी अट घातली नाही, दम दिला नाही. दिला असता तर आज दोष द्यायला मला कुणीतरी असतं.

पडताळणीसाठी बारा गावं निवडायची होती. त्यात ताईचं गाव मी मुद्दाम घातलं. त्यात माझी लबाडी नव्हती, मला खरंच तिच्यासाठी काही करायचं होतं. आमचा अहवाल जिल्ह्याला जाणार होता, आणि पाहणीत जी गावं अंधारी ठरतील त्यांच्या तारा आधी ओढायच्या असं ठरलं होतं. आठ वर्षं ताई जे सिद्ध करू शकली नव्हती ते माझ्या एका फॉर्मवर सिद्ध होणार होतं. मी तिला पत्र टाकलं. तिनं उत्तर पाठवलं, "ये लवकर. मी कोंबडी ठेवली हाय तुह्यासाठी."

मे महिन्यात निघाले. जीप मूलच्या एका चाचांची होती. त्यांच्या घरात सगळेच गाड्यांच्या कामातले, बाप मिस्त्री, भाऊ सीट शिवणारा. सावली सोडून नदीचा पूल ओलांडल्यावर ते माझ्या मांडीवरच्या चित्राकडे बघून म्हणाले, "ये क्या है?" मी समजावून सांगितलं. त्यांनी गाडी चालवता चालवता एकदा खाली बघितलं. "बेटी, ये तो महुए की आग है. इसमें पूछना क्या है?" मी म्हटलं, विचारावं लागतं, फॉर्म असतो. ते म्हणाले, "हाव, फारम तो भरनाच पडता."

आधीच्या अकरा गावांत मी वरवर विचारलं होतं. उजेड आहे का, आहे, अंगठा द्या. ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर मला घाई होती. ताईच्या गावात मात्र मी नीट काम करायचं ठरवलं. पोलीस पाटलानं समाजमंदिराच्या सावलीत माणसं जमवली. बायका मागं उभ्या राहिल्या. ताई पांढऱ्या साडीत दाराच्या चौकटीला टेकून हाताची घडी घालून उभी होती आणि माझ्याकडे अभिमानानं बघत होती. तिची धाकटी बहीण शहरातून कागद घेऊन आली होती. मी गुळगुळीत कागदावरचं चित्र चटईवर पसरलं.

"हे तुमचं गाव," मी पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हटलं.

पाटील वाकला. "फोटो कुठून काहाडला?"

"वरून. आकाशातून."

"जंगलवाल्यायनं?"

"नाई, भाऊ. ते वेगळं असते. उपग्रह म्हणते त्याले."

"कवाचा हाय?"

"मार्चमधला. रातचा."

मार्च म्हटलं आणि पुढं वाकलेली माणसं मागं सरकली. एकानं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सरकवला. इतकी वर्षं मी तालुक्याच्या गावात राहिले, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मोहाखाली आग लावणं गुन्हा आहे. लावतात सगळे, सापडतो एखादा. आदल्याच वर्षी शेजारच्या गावातल्या दोघांना जंगलखात्याचा गार्ड पकडून घेऊन गेला होता, वाळवलेली फुलंसुद्धा घरातून उचलून नेली होती, आणि ते दोघं अजून तारखांना चकरा मारत होते. आता सरकारनं आकाशात कॅमेरा टांगला होता आणि नर्सबाईची बहीण त्याचा फोटो घेऊन आली होती.

"लाइट असन ते," पाटील म्हणाला.

"कोणती लाइट?" मी म्हटलं. "खांबाले तार नाई, भाऊ."

"लगन होतं ना आमच्या इथी. जनरेटर आणला होता."

"माह्या घरी बॅटरी हाय," दुसरा म्हणाला. "टीव्हीची. मोठी."

"आमच्या घरी गॅसबत्ती जळते. रोज जळते."

एक म्हातारा मागून पुढं सरकला आणि हात जोडून म्हणाला, "आमच्या गावात लय उजेड हाय, बाई. आग-बिग कोणी लावत नाई."

आगीचं मी नावही काढलं नव्हतं. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. आता आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा मला ती माणसं बावळट वाटली होती. ज्या गावानं आठ वर्षं ताईच्या अर्जांवर अंगठे दिले होते, ते गाव माझ्यासमोर एकामागून एक दिवे लावत होतं. पाचेक मिनिटांत त्या चटईवर बसलेलं गाव तालुक्यात नसेल एवढं उजळून निघालं.

ताई पुढं आली. "काऊन खोटं बोलून राह्यले, भाऊ? माह्या कंदिलात रॉकेल कोण भरून देते? तूच ना?"

पाटील तिच्याकडे न बघता म्हणाला, "बाई, लाइन नसली तं चालते. केस झाली तं चालत नाई."

"मंग लाइन येणार नाई."

"आजवर आली का?"

माणसांनी एकेकानं अंगठे दिले. शाई पुसायला पाटलानं स्वतःचं धोतर पुढं केलं.

कोंबडी तिनं सकाळीच चुलीवर ठेवली होती. आतल्या खोलीत भर दुपारी एवढा अंधार होता की ताट शोधायला तिनं चिमणी लावली. आम्ही जेवायला बसलो. ताई म्हणाली, "हे बघ, आगीचं नावच नको काढू. ते बिचारे भेले हायेत. तू फक्त लिव्ह, लाइट नाई. दोनच शब्द. त्यायची केस वाचते अन् आपलं काम होते."

इतकं सोपं होतं ते. आग कुणी लावली ते लिहायची गरज नव्हती, ठिपका कशाचा ते लिहायची गरज नव्हती. गावात दिवा नाही, मी स्वतः पाहिलं, एवढं पुरेसं होतं. मी म्हटलं, "लिहितो, ताई."

"लिवशीन ना नक्की?"

"हो म्हटलं ना. किती खेप विचारशीन?"

तिनं स्वतःच्या ताटातला कलेजीचा तुकडा माझ्या ताटात टाकला.

नागपूरला परत आल्यावर बारा फॉर्म टेबलावर पसरून बसले. प्रत्येक फॉर्मवर तीन ओळी होत्या. गावात रात्री उजेड: आहे किंवा नाही. माहिती कुणी दिली. आणि शेवटची ओळ, 'निरीक्षकाने स्वतः पडताळले', पुढं चौकोन. ताईच्या गावापुढं 'नाही' लिहायचं म्हणून मी पेन उचललाही. मग डोकं चालायला लागलं. एका गावात उजेड नाही तर चित्रात ठिपका कसला, असं सर विचारणार. मोहाची आग म्हटलं की उरलेल्या अकरांचं काय, असं विचारणार. त्या अकरांचं मी काहीच पाहिलं नव्हतं. म्हणजे पुन्हा जा, पुन्हा विचारा, अहवाल लांबला, पक्की जागा दुसऱ्या कुणाला. हे सगळं खरं आहे, पण एवढंच खरं नाही. पेन हातात असताना मला ताईचं ते वाक्य आठवलं, तुह्यापेक्षा पुढं गेली असती. आठ वर्षं कंदिलात काढलीस ना, अजून एखादं वर्ष काढ, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

उजेड: आहे. माहिती: ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार. निरीक्षकाने स्वतः पडताळले. मी चौकोनात खूण केली आणि खाली सही केली. तेवढ्यात सर चहा घेऊन आले. त्यांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "उत्तम. शंका फिटली ना तुमची?" मी म्हटलं, फिटली.

तारा ओढायच्या गावांच्या पहिल्या यादीत ताईचं गाव आलं नाही. तिनं तालुक्याला जाऊन बूथवरून फोन केला. "काऊन नाई आलं?" मी म्हटलं, वरच्या ऑफिसात कापलं, मी तर लिहून दिलं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे, तू तं आपलं काम केलं. पुढच्या यादीत येइन." मागून बूथवाल्याचा आवाज येत होता, तिचे पैसे संपत आले होते. मला चार महिन्यांनी पक्की जागा मिळाली. त्याचे पेढे ताईनंच गावभर वाटले.

पुढच्या पावसाळ्यात टोल्यावरची, म्हणजे गावाच्या पाड्यावरची, एक बाई तिच्याकडे बाळंतपणाला आली. तिसरं मूल. मूल नीट झालं, पण बाई फाटली होती आणि रक्त थांबेना. जिल्ह्याला न्यायचं तर नाल्याला पाणी. ताईनं टॉर्च दातात धरून टाके घालायला घेतले. सेल उतरलेले होते. टॉर्चचा उजेड आधी पिवळा झाला, मग लाल झाला, मग कंदील जवळ ओढून तिनं हातानं चाचपत टाके घातले. रक्त जिथून येत होतं ती जागा तिला शेवटपर्यंत दिसली नाही. हे मला तिनं नंतर एकदाच सांगितलं, शिकवणीत उत्तर सांगावं तसं, एकही शब्द जास्त न वापरता. बाई पहाटेच्या आधी गेली.

ताई खोटं लिहिणारी नव्हती. तिनं अहवालात लिहिलं, अपुऱ्या प्रकाशामुळे रक्तस्रावाची जागा दिसू शकली नाही. या एका ओळीवर चौकशी बसली. चौकशीचे साहेब भर दुपारी आले. त्यांनी खांब पाहिले, मोजलेसुद्धा. मग फाईल उघडली, तर आत आमच्या अहवालाची प्रत होती, जिल्ह्याला पाठवलेली. या गावात रात्री उजेड आहे आणि एका उच्चशिक्षित निरीक्षकानं तो स्वतः पडताळला आहे. खाली आमच्या आडनावाची सही होती, पण आमच्याकडे ते आडनाव दर दहा घरांत एक सापडतं, साहेबांना त्यात काही वाटलं नाही. त्यांनी गावकऱ्यांना विचारलं. गावकरी एकदा जे बोलले होते त्यावरच ठाम राहिले, कारण सरकारी कागदावर दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या की माणूस अडकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लाइट होती, पाटील म्हणाला. लाइट होती, म्हातारा म्हणाला. मेलेल्या बाईच्या नवऱ्यानंही लाइट होती म्हणून अंगठा दिला. त्या गावातली आठ वर्षांखालची झाडून सगळी पोरं ताईच्या हातावर जन्मली होती.

आता तिच्यावर दोन आरोप झाले, एक हलगर्जीपणाचा आणि दुसरा खोटी सबब दिल्याचा. निकाल काय लागला ते इथंच सांगते, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यानंतर मला काही सांगता येणार नाही. तिच्या वेतनवाढी थांबल्या आणि बदली झाली सिरोंच्याच्या अंगाला, जिथं बायका कळा देताना तेलुगूत ओरडतात आणि ताईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तिथं ती स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत राहिली.

पण निकालाच्या आधीचा एक रविवार आहे. ताई निलंबित होऊन मूलला आईकडे आली होती. मला तिनं बोलावलं. फाईल तिला दाखवली होती, सही तिनं ओळखली होती, हे मला आईच्या आवाजावरून फोनवरच कळलं होतं. मी वाटेत दहा प्रकारची भांडणं मनात तयार केली. ताई भांडली नाही. तिनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाली, "मले एक कागद लिहून दे. तू आली होती, तू पाहिलं, लाइट नव्हती. बस. साहेब म्हणते, ज्यानं सही केली त्यानंच सांगतलं तं मी विचार करतो."

मी असा काही प्रसंग येणार हे धरून नागपूरहूनच एक कागद टाइप करून आणला होता. तो मी पर्समधून काढून दिला. ताईनं तो दाराशी, उजेडात जाऊन वाचला. मग मोठ्यानं वाचला. "सदर गावातील रात्रीच्या प्रकाशाच्या स्रोताबाबत उपलब्ध माहितीच्या आधारे निश्चित विधान करणे शक्य नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे... दोन्ही होऊ शकते असं."

"दोन्ही म्हणजे?"

मी तिला समजावू लागले. अहवाल छापायला गेला आहे, बाहेरच्या देशातले लोक वाचणार आहेत, त्यात आता चूक होती म्हटलं तर सगळ्या बारा गावांवर प्रश्न येतो, सरांचं नाव जातं, माझी पक्की जागा अजून एक वर्ष प्रोबेशनवर आहे. मी बरंच बोलले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापायची थांबली होती. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तू माह्या घरी जेवाले बसली होती. आठवते?"

"हो."

"तवा माह्या घरात लाइट होती?"

"नव्हती."

"मंग हे लिव्ह." तिनं कागद उलटा करून पाठची कोरी बाजू माझ्यापुढं ठेवली आणि स्वतःचा पेन, टोपण काढून, माझ्याकडे धरला. हात लांब करून, बराच वेळ. नर्सचा हात, जरासुद्धा हलत नव्हता.

मी घड्याळ पाहिलं. "ताई," मी म्हटलं, "मले बस पकडा लागते."

मी चपला घातल्या आणि निघाले. बस दोन तासांनी होती.